ध्रुपद धरणारे

आमच्या मावळातल्या वराळ्याच्या देवळात सप्ताह बसला की रात्रीच्या कीर्तनाला टाळकऱ्यांच्या दोन रांगा उभ्या राहतात. रांगेच्या अगदी टोकाला दरवर्षी दोन-तीन नवी पोरं असतात, सातवी-आठवीतली. त्यांना कुणी बसवून चाली शिकवत नाही. बुवांनी चरण म्हटला की मागच्यांनी ध्रुपद घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. पोरगा शेजाऱ्याच्या पायाकडे बघत पावली टाकतो, चूक ऐकू जाऊ नये म्हणून टाळ हलका वाजवतो, ध्रुपद मात्र छाती फुगवून म्हणतो, कारण तेवढं त्याला पाठ असतं. चार-पाच वर्षांनी त्यांच्यातलाच एखादा चाल लावायला पुढे येतो. सुरुवातीला त्याच्या गळ्यातून बुवांचाच आवाज निघतो. कानावर हात ठेवायची लकब बुवांची, चरण संपवताना मान वळवायची पद्धत बुवांची. जुने टाळकरी त्याला टोकत नाहीत. ‘लागेल वळण,’ म्हणतात आणि ध्रुपद उचलतात.

लिहायला शिकणाऱ्याला इतकी मोकळीक आपण देत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून दोन सल्ले एकदम मिळतात. एक म्हणतो, भरपूर वाच. दुसरा म्हणतो, कुणाची छाप पडू देऊ नकोस. भरपूर वाचायचं आणि छाप पडू द्यायची नाही, म्हणजे पावसात जायचं आणि भिजायचं नाही. मग आवडत्या लेखकाचं पुस्तक मिटलं की नवशिका स्वतःच्या वाक्यांकडे संशयाने बघू लागतो. हे माझं आहे की त्याचं? त्या धास्तीने लिहिणं सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवायची आहे. दुसऱ्याच्या मागे उभं राहून ध्रुपद धरल्याने आपला आवाज जात नाही, तो तिथेच तयार होतो. मात्र ध्रुपद धरणं आणि दुसऱ्याचा अभंग आपला म्हणून खपवणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर आमच्या इंद्रायणीकाठच्या माणसाने साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वच्छ सांगून ठेवलं आहे.

वराळ्याहून पूर्वेला पाहिलं की इंदोरीपलीकडचा भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. देहूचे तुकाराम महाराज तिथे एकांताला जात. ते तिथे नुसते नामस्मरण करत बसत नसत, वाचतही असत. 1774 साली ‘भक्तलीलामृत’ लिहिणाऱ्या महिपतींनी या अभ्यासाचं वर्णन केलं आहे. ज्ञानेश्वरी, एकनाथांचं भागवत, नामदेवांचे अभंग अशा ग्रंथांची नावं त्यात येतात. महिपती तुकोबांच्या नंतर शतकभराने लिहीत होते, म्हणून त्यांचा शब्द अखेरचा मानायचं कारण नाही. पण तुकोबांनी स्वतः एका आत्मपर अभंगात आपली हकीकत क्रमाने सांगितली आहे. आधी व्यवसाय, मग दुष्काळ, घरातले मृत्यू, धंद्यातली खोट. मग पडझड झालेल्या देवळाची दुरुस्ती आणि एकादशीचं कीर्तन. या कीर्तनाविषयी ते सांगतात की सुरुवातीला अभ्यासात चित्त लागत नव्हतं. म्हणून संतांची वचनं विश्वासाने आणि आदराने पाठ केली, आणि जे पुढे गात त्यांच्या मागे उभं राहून शुद्ध मनाने ध्रुपद धरलं. कवित्वाची स्फूर्ती झाल्याचं ते यानंतर सांगतात.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मराठीतला सर्वांत स्वतंत्र आवाज कुणाचा, असं विचारलं तर मी क्षणभरही न थांबता तुकोबांचं नाव घेईन. आणि तोच माणूस आपल्या कवितेची कुळकथा सांगताना पाठांतरापासून आणि ध्रुपदापासून सुरुवात करतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

पुढे ती प्रसिद्ध स्वप्नाची गोष्ट येते. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, त्यांनी जागं केलं आणि कवित्व करण्याचं काम सोपवलं. नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिला होता, उरलेले तुकोबांनी पुरे करायचे. नामदेव आणि तुकाराम यांच्यात सुमारे तीनशे वर्षांचं अंतर आहे. आवडत्या पूर्वसुरीने झोपेतून उठवून आपलं राहिलेलं काम हाती द्यावं, याहून मोठी दीक्षा कोणती? पण त्या स्वप्नातली एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून निसटते. स्वप्नात माप आहे. विठ्ठलाने माप धरलं आहे, अभंगांचा हिशेब होतो आहे. हे स्वप्न नामदेवांच्या कृपेचं खरं, पण ते पडलं आहे दुकानदाराला. नामदेव घराण्याने शिंपी, तुकोबा वाण्याच्या धंद्यात वाढलेले. गुरू भेटला तेव्हाही शिष्याने आपलं दुकान बाहेर ठेवलं नाही.

गाथा वाचताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं. अक्षरांचा साचा जुना. थोरल्या अभंगाचे चार चरण, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. धाकट्याचे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. हे सगळं नामदेवांपासून चालत आलेलं. विठ्ठलाला आई म्हणून हाक मारणं, त्याच्यावर रुसणं, हेही नामदेवांकडून आलेलं. पण त्या साच्यात तुकोबांनी ओतलं ते भांडवल, मोल, माप, दिवाळं, धन्याचा माल आणि तो वाहणारा हमाल. नामदेवांचं लेकरू आईकडे हट्ट धरतं. तुकोबा देवाशी भांडताना हिशेबाला बसतात. 1630 च्या सुमाराचा दख्खनचा दुष्काळ ज्याने घरात सोसला आणि ज्याचं देणं-घेणं बुडालं, त्या माणसाचा आवाज नामदेवांच्या चालीत शिरल्यावर चाल तीच राहूनही गाणं बदललं.

याच गाथेत दुसरं टोकही आहे. सालोमालो नावाच्या कुणावर तुकोबांनी अभंग रचले आहेत आणि त्यांत त्यांचा संताप लपत नाही. संतांची वचनं मोडायची आणि त्यांचे तुकडे स्वतःचे दागिने म्हणून मिरवायचे, एकाचं म्हणणं दुसऱ्याने आपलं म्हणायचं, असा तो आरोप आहे. ज्याने स्वतः संतांची वचनं पाठ केली, त्यालाच हा राग का यावा? कारण सालोमालोने ध्रुपद धरलंच नाही. तो मागे उभा राहिला नाही, झिजला नाही. तयार माल उचलला आणि त्यावर आपली मुद्रा मारली. आपल्या परंपरेत अभंगाच्या शेवटी येणारी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही मुद्रा म्हणजे जबाबदारीची सही. नामदेवांच्या बाबतीत उलटा घोटाळाही झाला आहे. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळली, आणि कोणती कुणाची हे निवडता निवडता अभ्यासकांची पुरेवाट झाली. नाव, छंद आणि भाव तिन्ही सारखे असले की लिहिणारा माणूस कुठे होता याचा मागमूसही पुसला जातो.

तर मग अनुकरण करावं किती आणि कशाचं?

यावर मराठीतलं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण मला बा. सी. मर्ढेकरांचं वाटतं. 1939 साली त्यांचा ‘शिशिरागम’ आला. त्या काळी रविकिरण मंडळाच्या कवितेचा बोलबाला होता, आणि या संग्रहावर त्या कवितेची सावली स्पष्ट पडलेली आहे. हळवेपणा, निसर्गातल्या कातर वेळा, प्रेमभंग. तेवढ्यावर मर्ढेकर थांबले असते तर त्यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक असतं. आठ वर्षांनी, 1947 साली, ‘काही कविता’ आला आणि मराठी कविता दुसऱ्या रस्त्याला लागली. मधल्या काळात महायुद्ध झालं, शहरातली गर्दी आणि यंत्रं अंगावर आली. हे सगळं सांगायला त्यांनी अगदी नवा छंद शोधून काढला असेल असं आपल्याला वाटतं, पण त्यांनी हात घातला तो संतांच्या ओवी-अभंगाला. ज्या साच्यात भक्ताने देवाला आळवलं, त्याच साच्यात त्यांनी महानगरातल्या माणसाची घुसमट भरली. जुन्या लयीत अनोळखी शब्द आले आणि दोन्ही एकमेकांवर घासले गेले. त्या घासण्यातून जो आवाज निघतो तो मर्ढेकरांचा.

इथे थोडं थांबून दोन अनुकरणांमधला फरक पाहिला पाहिजे. ‘शिशिरागम’मध्ये मर्ढेकरांनी घेतला तो समकालीनांचा भाव. ‘काही कविता’मध्ये घेतली ती पूर्वजांची लय. भाव उसना घेतला की आपल्या अनुभवाला जागाच उरत नाही, कारण काय वाटायचं ते आधीच ठरलेलं असतं. लय उसनी घेतली तर तिच्यात आपलं काहीतरी भरावंच लागतं. नवशिक्याला मी म्हणूनच सांगतो की आवडत्या लेखकाकडून त्याच्या वाक्यांची लांबी घ्या. तो परिच्छेद कुठे तोडतो, माणसाची ओळख चेहऱ्याने करून देतो की कामाने, काय सांगायचं टाळतो, ते बघा आणि निःसंकोच उचला. त्याचं दुःख मात्र त्याच्याकडेच राहू द्या.

त्याच रविकिरण मंडळाच्या छायेतून दुसरा एक माणूस अगदी वेगळ्या दाराने बाहेर पडला. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने विडंबनं लिहिली आणि 1925 साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध झालं. विडंबन म्हणजे थट्टा, एवढंच आपण धरतो. पण विडंबन करणाऱ्याला मूळ कवीच्या सवयी त्या कवीपेक्षाही नेमक्या माहीत असाव्या लागतात. कुठला शब्द तो वरचेवर वापरतो, कुठे उगाच सुस्कारा टाकतो, फारसी शब्द कुठे पेरतो, ओळीचा शेवट कसा ओढतो. हे सगळं सुटं करून मांडता आलं की मोहिनी उतरते. फ्रान्समध्ये मार्सेल प्रूस्तनेही हेच केलं. 1908 साली त्याने ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात बाल्झाक, फ्लोबेर अशा लेखकांच्या धाटणीत एकाच घटनेवरचे लेख लिहिले. आवडत्या लेखकाची लय कानात घोळतच राहते, तेव्हा एकदा ती जाणूनबुजून लिहून मोकळं व्हावं, म्हणजे पुढे नकळत तिची नक्कल होत नाही, असं त्याचं मत होतं. मला ते पटतं. जाणूनबुजून केलेली नक्कल माणसाला सोडून जाते. नकळत झालेली वर्षानुवर्षं चिकटून राहते.

अत्रे गडकऱ्यांना गुरू मानत, आणि राम गणेश गडकरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट आहे. गडकऱ्यांनी विनोदी लेखन सुरू केलं तेव्हा त्यांनी बाळकराम, तिंबूनाना, भांबूराव असं आपलं त्रिकूट उभं केलं. बैठक तीच, कोट्यांची हौस तीच. पण कोल्हटकरांचा विनोद समाजातल्या रूढी तपासत जातो, आणि गडकऱ्यांचा विनोद कल्पनेच्या भरात कुठल्या कुठे उधळतो. गुरूने आखून दिलेल्या चौकात उभं राहिल्यावरच शिष्याचं धावणं किती वेगळं आहे ते दिसलं. गडकरी 1919 साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेले. तेवढ्या आयुष्यात ते गुरूच्या मागे उभेही राहिले आणि पुढेही गेले.

आता माझी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ वाटेल.

आमच्या वराळ्याला लागूनच तळेगाव दाभाडे. तिथे गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे सगळ्यांचे गोनीदा, कित्येक वर्षं राहिले. 1916 साली परतवाड्याला जन्मलेला हा माणूस तेराव्या वर्षी घर सोडून निघाला. गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा केली, आळंदीला ज्ञानेश्वरी आणि धुळ्याला वेदान्त शिकला, आणि शेवटी आमच्या मावळात स्थिरावला. 1955 च्या ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये आमचं पवन मावळ आहे, 1958 च्या ‘माचीवरला बुधा’मध्ये राजमाची. ही पुस्तकं मी कॉलेजात असताना वाचली आणि वेडा झालो. आपल्या शेजारच्या डोंगरावर, आपल्यासारखं बोलणाऱ्या माणसांवर पुस्तक लिहिता येतं, हाच मला साक्षात्कार होता. मग मीही एक कथा लिहिली. डोंगर, एकटा म्हातारा, कुत्रं, झाडं, सगळं होतं. वाक्यंसुद्धा गोनीदांच्या ठेक्यावर पडत होती. एका दिवाळी अंकाकडे ती पाठवली. संपादकांनी ती परत केली आणि सोबत लिहिलं की हा डोंगर आम्ही आधी चढलो आहोत.

मला ते फार लागलं. कथा घेऊन मी आजीसमोर बसलो आणि तिला वाचून दाखवली. आजीचं सगळं आयुष्य भातखाचरात गेलेलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘ह्यो म्हातारा खातो काय रं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची शेती कुठली, भात कोण लावतं, मीठ-मिरची कुठून आणतो, यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं. मी गोनीदांचं पुस्तक पाहून म्हातारा काढला होता. गोनीदांनी मात्र म्हातारा डोंगर चढून पाहिला होता.

तेव्हा मी गोनीदा पुन्हा वाचायला घेतले, या वेळी ते काय करतात हे बघण्यासाठी. आणि जे सापडलं त्याने माझं लिहिणं बदललं. ‘पडघवली’त कोकणातली बोली आहे, ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांची, मावळातल्या पुस्तकांत मावळी. प्रत्येक ठिकाणी त्यांनी आपला कान नव्याने लावला आहे. त्यांच्या शैलीचं मूळ धरायचं तर त्यांची वाक्यं धरून भागत नाही, त्यांचं ऐकणं धरावं लागतं. ज्ञानेश्वरी ते गुरूंसमोर बसून शिकले, आणि ठाकरांची बोली ठाकरांसमोर बसून. दोन्हीकडे मांडी घालायची पद्धत एकच. मी त्यांचा ठेका घेतला होता, मांडी घेतली नव्हती.

त्यानंतर मी जी रीत पाळली ती माझी नाही. एक भाग आपल्याकडच्या पाठांतराचा आहे आणि दुसरा बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात आहे. मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणाऱ्या या मुलाच्या हाती लंडनच्या ‘स्पेक्टेटर’चा एक जुना खंड पडला. त्यातली गद्यशैली त्याला इतकी आवडली की त्याने निबंधांतल्या एकेका वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवला, काही दिवस मूळ पुस्तक बाजूला सारलं, आणि नुसत्या टिपणांवरून निबंध आपल्या शब्दांत पुन्हा लिहून काढला. मग मुळाशी ताडून चुका सुधारल्या. शब्दसंपदा वाढावी म्हणून काही गोष्टींची त्याने पद्यं केली आणि मूळ विसरल्यावर त्या पद्यांचं पुन्हा गद्य केलं. कधी टिपणं मुद्दाम विस्कटून टाकायची आणि पुन्हा योग्य क्रमाने लावायची. आणि मधूनच, एखाद्या बारीक ठिकाणी, आपलं वाक्य मुळापेक्षा बरं उतरलं असं त्याला वाटे. तिथेच त्याला लेखक होण्याची आशा वाटू लागली.

हे करून पाहण्यासारखं आहे. तुमच्या आवडत्या लेखकाचं एकच पान घ्या आणि आधी ते हाताने उतरवून काढा. शाळेत आपण अक्षर गिरवलं, त्याला वळण लावणं म्हणतात, आणि माणसाच्या वागण्याच्या रीतीलाही आपण वळणच म्हणतो. हात त्या वाक्यावरून चालला की डोळ्याला न दिसलेल्या गोष्टी कळतात. एक क्रियापद किती उशिरा येतं, एखादं विशेषण कुठे असायला हवं होतं आणि लेखकाने ते कसं गाळलं. मग पान मिटा. आठवडा जाऊ द्या. तोच प्रसंग आठवून लिहा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे तुमचं वाक्य वेगळं पडलं असेल तिथे लगेच दुरुस्तीला धावू नका. ते वेगळं का पडलं ते बघा. कधी ती चूक असते. कधी तो तुम्ही असता.

भाषांतर हाही याच जातीचा अभ्यास आहे, आणि त्यात लबाडीला वाव नसतो. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ‘एका कोळियाने’ म्हणून लिहिली, जी. ए. कुलकर्ण्यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. तिघांचेही स्वतःचे आवाज त्यापूर्वी पक्के झालेले होते. तरीही ते दुसऱ्याच्या मागे उभे राहिले. जी.एं.ची गडद, गूढ कथा ज्याने वाचली आहे त्याला त्यांनी अमेरिकेतल्या वसाहतकऱ्यांच्या रानावर इतके कष्ट घ्यावेत याचं आश्चर्य वाटेल. मला वाटतं, ध्रुपद धरण्याची गरज पुढे उभं राहणाऱ्यालाही संपत नाही.

आणि गुरू एकाहून अधिक असावेत. ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा भाताने जास्त नीट सांगितली. मावळचा इंद्रायणी तांदूळ आज सगळीकडे विकला जातो. पुष्कळांना वाटतं की तो इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा वाण. तो वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने तयार केला आणि 1987 साली बाहेर आला. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांचा तो संकर. आंबेमोहर म्हणजे आमचा जुना वासाचा तांदूळ. चुलीवर असला की गल्लीच्या तोंडाला कळायचं. पण त्याचं रोप उंच, वाऱ्यात आडवं पडणारं, उतारा कमी. आयआर 8 फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेतून आलेला, बुटका, ताठ, भरघोस देणारा, पण वासाला काही नाही. दोघांच्या पोटी इंद्रायणी झाला, आणि आज त्याला कुणी आंबेमोहराची नक्कल म्हणत नाही की आयआर 8 ची. एकाच लेखकाच्या मागे वर्षानुवर्षं उभं राहिलं तर त्याचा वाण शुद्ध राहील, पण तो त्याचाच वाण असेल. तुम्हाला तुकोबांचा सडेतोडपणा आवडतो आणि दुर्गाबाईंचं ऋतूंकडे टक लावून बघणंही, तर दोन्ही वाचा आणि दोन्ही गिरवा. त्यांचा मेळ कसा बसेल याची काळजी आज करू नका. संकरानंतर पिढ्यान्‌पिढ्या रोपं निवडत जावं लागतं, तेव्हा कुठे वाण स्थिर होतो.

आमच्याकडे दर रविवारी सकाळी सहा-सात जण लिहिलेलं वाचून दाखवायला जमतात. त्यातली एक मुलगी गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये काम करते. तळेगावच्या परिसरात गुलाबाची पॉलीहाऊसं पुष्कळ आहेत, आणि आमच्या आसपासच्या गावांतल्या कितीतरी बाया त्यांवर कामाला जातात. तिने आपल्या कामावर एक परिच्छेद लिहून आणला. पहिल्या खेपेला त्यात पहाटेचा गुलाबी गारवा होता आणि पाकळ्यांवर दवबिंदूंचे मोती चमकत होते. कुठल्या लेखकाच्या प्रेमात ती होती ते लगेच ओळखू आलं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. मी एवढंच विचारलं, ‘पॉलीहाऊसमध्ये दव पडतं का?’ ती थबकली. म्हणाली, ‘नाही सर, वर प्लास्टिक असतं. पहाटे त्याला आतून पाणी धरतं, ते खाली ठिबकतं. फुलावर पडलं तर पाकळीला डाग पडतात. बोट्रायटिसची बुरशी येते.’

ज्याला ती मोती म्हणत होती, त्यानेच तिच्या हातातलं फूल वाया जात होतं. आम्ही सगळे काही वेळ गप्प बसलो.

दुसऱ्या खेपेला तिने उलटं टोक गाठलं. गोनीदा वाचून आली होती. साऱ्या बाया ठसठशीत मावळीत बोलू लागल्या होत्या, दर वाक्याला ‘रं’ आणि ‘गं’. मी तिला तेही अडवलं नाही. फक्त तोच परिच्छेद तिसऱ्यांदा लिही म्हटलं, आणि या वेळी गोनीदांकडून एकच गोष्ट घे, कान. उद्या कामावर जाशील तेव्हा कोण काय बोलतं ते ऐक आणि तेवढंच लिही.

तिसऱ्या खेपेला कागद निम्मा झाला होता. पहाटे सेकेटरची कात्री घेऊन वाफ्यात शिरणं, कापलेली फुलं लगेच पाण्याच्या बादलीत ठेवणं, मग टेबलावर दांड्याची लांबी मोजून चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर अशी वेगळी करणं. वीस-वीस फुलांचा बंच, वर कागदाची गुंडाळी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्रीही काम, आणि कुणासाठी चालतं हे सगळं त्याबद्दल एका मावशीचं एकच वाक्य. वाक्यं लहान होती. ती लांबी तिने व्यंकटेश माडगूळकरांकडून घेतली होती हे तिने आपणहून सांगितलं. पण मोजपट्टी तिची होती.

शेवटच्या ओळीत छतावरून ठिबकणारं पाणी होतं. तिने लिहिलं होतं की त्या थेंबाने फुलावर डाग पडतो. रविवारी आमच्यात वाचण्याआधी तिने कागद घरी आईला वाचून दाखवला होता. आईही त्याच कामावर जाते. आईने ऐकलं आणि म्हणाली, ‘डाग पडतो तो पानावर. फुलावर पडला की आम्ही म्हणतो फूल गेलं.’

तिने ‘डाग पडतो’ खोडून वर ‘फूल जातं’ असं लिहिलं होतं. खोडलेला शब्द खाली अजून वाचता येत होता.